कपाटाची दुसरी बाजू

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण गेल्या वर्षभरात माझे फोन तू कसे घेतलेस ते आठवलं. "हो, बरी आहे. आई कशा आहेत? ठेवते." एवढ्यात माझं काम मावणार नाही.

काम दादाच्या गेमचं आहे. त्याचं 'कपाट' एकाच यंत्रावर चालतं, टीव्हीला जोडायच्या त्या काळ्या डब्यावर. तो डबा बनवणारी कंपनी जूनअखेर त्याची ऑनलाइन सेवा बंद करते आहे. नवा डबा बाजारात आला की जुन्याला कोण विचारतो! सेवा गेली की दोन घरांत बसलेल्या दोघांना एकत्र खेळता येणार नाही. आणि 'कपाट' एकट्याने खेळताच येत नाही, जड कपाटाचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि जिन्यावरून वर न्यायचं. म्हणजे जूननंतर दादाचा गेम असून नसल्यासारखा.

माझं पोटापाण्याचं काम तुला माहीत आहे. एका यंत्रासाठी केलेला गेम उचलायचा आणि दुसऱ्या यंत्रावर नेऊन बसवायचा. दादा म्हणायचा, "घर बांधायचं आम्ही आणि हमाली करायची ठकीने." तर ही हमाली मला करायची आहे. फोन, टॅब, कॉम्प्युटर, या कंपनीचा डबा, तिच्या वैरी कंपनीचा डबा, सगळीकडे 'कपाट' न्यायचं. आणि कुठल्याही यंत्रावरच्या माणसाला कुठल्याही यंत्रावरच्या माणसाबरोबर खेळता आलं पाहिजे. माझ्या ऑफिसने हो म्हटलंय. पण दादा गेल्यानंतर गेमचे हक्क तुझे आहेत. सोबतच्या कागदावर तुझी सही हवी, आणि दादाचा कॉम्प्युटर.

आई माझ्याकडे मजेत आहे. गुडघा नवा बसवल्यापासून माझ्यापेक्षा जोरात चालते. तुझा विषय निघाला की मात्र गप्प होते. तुला कळावं म्हणून लिहिते, मनात ठेवून वावरणं मला जमत नाही. "त्या दिवशी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं," एवढं एकदा म्हणाली होती. मी विषय बदलते.

उत्तर लिही.

तुझी,
ठकी


२१ जानेवारी

प्रिय वन्सं,

सही केली आहे. ऑफिसातून आलेला त्याचा कॉम्प्युटर दोन पांघरुणांत गुंडाळून कुरियरने पाठवला आहे. पासवर्ड मला माहीत नाही.

मी तो गेम कधी खेळले नाही. तेव्हा त्यातलं मला काही विचारू नकोस.

दिवसभर मी रुग्णालयातल्या त्या बंद खोलीत लोकांच्या कानांवर यंत्र चढवते, बारीक बारीक आवाज ऐकवते आणि ऐकू आलं का ते बघते. घरी आल्यावर कुणाचा आवाज नको वाटतो, माझाही. म्हणून फोन आखडते. रागावलेली नसते. पत्र चालेल.

आईंना म्हणावं जिना उतरताना कठडा धरा, नवा गुडघा झाला म्हणून काय झालं.

वहिनी


४ मार्च

प्रिय वहिनी,

"प्रिय वन्सं" वाचून किती दिवसांनी हसले! लग्न झाल्यावर तू मुद्दाम तसं म्हणायचीस आणि मी उशी फेकायचे.

कॉम्प्युटर सुखरूप आला. पासवर्ड दादाच्या भागीदाराने, त्या चित्रवाल्याने सांगितला. गेमची चित्रं त्याचीच आहेत ना, त्यामुळे सगळं त्याला माहीत. गेम उघडला. मग बाह्या वर केल्या.

तुला वाटत असेल, एकीकडचं उचलून दुसरीकडे ठेवायचं, त्यात काय एवढं! अगं, या कंपन्या म्हणजे एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा. प्रत्येकीचं स्वयंपाकघर वेगळं, डबे वेगळे, झाकणं वेगळी. एकीच्या यंत्रावर ज्या बटणाने 'हो' म्हणायचं, नेमक्या त्याच जागेवरच्या बटणाने दुसरीकडे 'नाही' म्हणतात. हिच्या यंत्रावरच्या माणसाला तिच्या यंत्रावरच्या माणसाशी खेळू द्यायचं म्हटलं की दोघींच्या कपाळाला आठ्या. आणि फोनला तर बटणंच नाहीत. काचेवर अंगठा फिरवून कपाट तोलायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या कपाटाने इतक्या कोलांट्या खाल्ल्या की शेजारच्या टेबलावरचा बघून म्हणाला, "आत कपबश्या नाहीत ना?"

पण खरी बातमी पुढे आहे. दादाने फोनवरचा गेम स्वतःच करायला घेतला होता! अर्धाकच्चा आहे, पण जिना आहे, कपाट आहे. तो काळा डबा त्याचा होता, तुझ्याकडे फक्त फोन. तुझ्यासाठीच करत होता तो, वहिनी. दुसरं काय कारण असणार?

आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते. तू 'कधी खेळले नाही' लिहिलंस ना, ते वाचून मला राग आला. नवरा इतकी वर्षं एका गोष्टीत जीव ओततो आणि बायको एकदाही हात लावत नाही? आईचं म्हणणं मी आजवर खोडून काढत आले. या वेळी खोडता आलं नाही.

ठकी


१५ मार्च

प्रिय ठके,

तुझा राग पोचला. आता मी लिहिते ते नीट वाच. आईंना कधी सांगायचं ते तू ठरव.

त्या गेममधलं कपाट आमचं आहे. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हाचं. लिफ्टच्या दारातून ते जाईना, म्हणून जिन्यावरून न्यायला घेतलं. मी वरच्या बाजूला, तो खालच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं अडकलं की ना वर ना खाली. त्याला वर येता येईना, मला खाली जाता येईना. मध्ये कपाट. आम्ही दोघं आपापल्या पायऱ्यांवर बसलो आणि बोलत राहिलो. तोंड दिसत नव्हतं. तोंड दिसत नसलं की माणूस किती खरं बोलतो! लहानपणी तुझ्या सायकलच्या चाकातली हवा कोण सोडायचं, हेसुद्धा त्याने त्या दिवशी कबूल केलं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. वरच्या मजल्यावरचे काका येईपर्यंत आम्ही तिथेच.

त्या दिवसाचा त्याने गेम केला. आणि तो करताना हळूहळू घरातून नाहीसा झाला. आधी जेवणाच्या वेळा गेल्या, मग रविवार गेले. त्या जिन्यावरच्या हसणाऱ्या बाईला तो दिवसभर उचलून वर नेत होता आणि मी इथे एकटी बसलेली होते. मी का खेळायचा तो गेम? कुणाबरोबर?

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. एकदा मी म्हटलं, "तू ऑफिसातच का राहत नाहीस?" मला वाटलं होतं, रागावेल. तो म्हणाला, "चालेल." बॅग भरून गेला. वारला त्याआधीचे चार महिने तो तिथेच, चित्रांच्या टेबलामागे गादी टाकून राहत होता. वकिलाकडेही जाऊन आलो होतो. "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू," एवढंच त्याने मागितलं. मी हो म्हटलं. त्याआधीच तो गेला.

त्या दिवशी लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते आणि मी विचार करत होते, हे रडणं माझं आहे का? मला रडायचा हक्क आहे की तो मी सोडून दिलाय? आईंनी बघितलं ते बरोबर आहे. टिपूस नव्हतं.

आता राहिलेलं. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी बसमध्ये होते. फोनवर त्याच्या नावाने निरोप आला. "कपाट वर न्यायचंय. दुसरी बाजू धरायला येतेस?" खाली दाबायला जागा होती. मी दाबलं. फोन म्हणाला, "हा गेम तुमच्या फोनवर उपलब्ध नाही."

मला वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, करत नसेल तर? घरी गेल्यावर फोन करू असं ठरवलं. घरी गेल्यावर म्हटलं, त्याने करावा. सकाळी चित्रवाल्याचा फोन आला.

वर्षभर मी त्या निरोपाबरोबर राहते आहे. तू लिहिलंस की फोनवरचा गेम तो माझ्यासाठी करत होता, तेव्हापासून तर झोप उडाली आहे. तुला या सगळ्यातलं कळतं, म्हणून विचारते. तो निरोप त्याने मलाच पाठवला होता ना?

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझं मागचं पत्र मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. मला काहीच माहीत नव्हतं. दादा माझ्याशी दर आठवड्याला बोलायचा, तू काय केलंस, कुठे गेलीस, सगळं सांगायचा. आता कळतं, तो जुन्या गोष्टी नव्या म्हणून सांगत होता.

इकडे काम चालू आहे. फोनवरचा गेम आता कोलांट्या खात नाही. काळ्या डब्याच्या वैरिणीने मात्र दोनदा परत पाठवला. त्यांचे तपासनीस म्हणजे वरपित्यापेक्षा कडक! एकदा अक्षरं बारीक म्हणून, एकदा मध्येच बटणांचा कंट्रोलर काढला तर कपाट हवेत राहतं म्हणून. दुरुस्त करते आहे. आईच्या डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू निघाला आहे, पण डॉक्टर म्हणतात घाई नाही. हवा छान आहे. तू जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
ठकी


९ एप्रिल

ठके,

मी एक प्रश्न विचारला होता. तू मला हवा कशी आहे ते कळवलंस.

माझा धंदाच ऐकण्याचा आहे. कुठे आवाज नाही ते मला आधी कळतं. काय असेल ते लिही.

वहिनी


१२ एप्रिल

प्रिय वहिनी,

खोटं लिहून पाहिलं. छान जमलंही होतं. ते फाडून हे लिहिते आहे.

तो निरोप मलाही आला होता.

त्याच संध्याकाळी. "दुसरी बाजू धरायला येतेस?" मी बैठकीत होते. माझ्याकडे तो काळा डबा होता, मी खेळू शकले असते. मनात म्हटलं, दादाला माझी आठवण आली, उद्या निवांत खेळू. तुझ्यासारखंच मीही ते वर्षभर कुणाला सांगितलं नाही. दादाने शेवटी मला हाक मारली, हे मला माझ्याजवळच ठेवायचं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला तुझा हेवा वाटला. बघ, किती वेडेपणा! मग शंका आली आणि मी आईचा फोन उघडला. तिलाही आला होता. बायकांना "येतेस?" आणि पुरुषांना "येतोस?", एवढा फरक तेवढा त्याने केलेला. मग चित्रवाल्याला विचारलं. त्याला, नळ दुरुस्त करणाऱ्याला, दाताच्या डॉक्टरला, सगळ्यांना गेला होता.

फोनवरचा गेम अर्धवट होता. कुणाला बोलवायचं ते निवडायचं पान त्याने अजून केलंच नव्हतं. चाचणी म्हणून बटण दाबलं की फोनमधल्या प्रत्येक नावाला निरोप जायचा. त्याने बटण दाबून बघितलं, एवढंच. जिच्याकडे तो डबा नाही तिला 'उपलब्ध नाही' दिसणारच होतं.

आणि तुझ्यासाठी करत होता, हेही माझंच. मी मनाने लिहिलं होतं. चित्रवाला म्हणतो, गेम विकणाऱ्या कंपनीने फोनवरचा मागितला होता. त्याच्या मनात आणखी काही होतं का, ते मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही.

तुला दोष घ्यायचं कारण नव्हतं, वहिनी. तू गेली असतीस तरी तिथे कुणी तुझी वाट बघत नव्हतं. हे मी दिलासा म्हणून लिहायला घेतलं होतं. लिहून झाल्यावर बघितलं तर ते दिलाशासारखं दिसत नाही.

मला माफ कर.

ठकी


२० मे

प्रिय ठके,

उत्तराला उशीर झाला. तुझ्यावर राग नाही. खरं लिहिलंस, तेच हवं होतं.

कान तपासताना आम्ही माणसाच्या हातात एक बटण देतो. आवाज आला की दाबा. मधे मधे आम्ही मुद्दाम काहीच वाजवत नाही. तरी काही माणसं दाबतात. लबाडी नसते ती. जीव एवढा कानात आणून बसलेली असतात की त्यांना खरंच ऐकू येतं. मी अशांना कधी टोकत नाही. कागदावर खूण करते आणि पुढे जाते. परवा एक म्हातारेबुवा दाबतच राहिले, दाबतच राहिले. मला खोलीच्या बाहेर यावं लागलं. बाकावर बसून मी जी रडले, ती नर्सबाईंनी पाणी आणून दिलं तरी थांबले नाही. आईंना सांग हवं तर. टिपूस आलं, जरा उशिरा आलं.

वर्षभर मी स्वतःला बोल लावत होते. फोन का केला नाहीस, का केला नाहीस. पण त्या बोलाच्या आत एक गोष्ट होती, की त्याने मला बोलावलं होतं. आता बोल नाही आणि बोलावणंही नाही. जागा अगदी स्वच्छ झाली आहे. अशा स्वच्छ जागेत राहायची सवय नाही मला.

एकच मागणं आहे. ते निवडायचं पान तू कर. ज्याला बोलवायचं त्याच्या नावावर माणसाने स्वतः बोट ठेवलं पाहिजे. एका वेळी एकच नाव. लोकांची गैरसोय होईल, होऊ दे.

आणि आईंना सगळं सांगून टाक. माझ्याच्याने होणार नाही.

वहिनी


३० जून

प्रिय वहिनी,

गेलं. 'कपाट' सगळीकडे गेलं! शेवटपर्यंत ती एक जाऊ अडून बसली होती, माझ्या यंत्रावरची माणसं तिच्या यंत्रावरच्यांबरोबर खेळणार नाहीत म्हणून. आमच्या साहेबांनी कशी समजूत काढली देव जाणे. कालपासून फोनवरची माणसं टीव्हीवाल्यांबरोबर कपाट उचलताहेत. कुणी आजी तिच्या नातीबरोबर दोन देशांतून खेळली, तिने आम्हाला लिहून कळवलं. आमच्या इथे टाळ्या झाल्या. मी हात धुवायला म्हणून उठले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. दादाला फोन करायचा राहिलाय, असंच वाटत होतं.

निवडायचं पान केलं आहे. एका वेळी एकच नाव. ऑफिसात कुरकुर झाली, मी बधले नाही. जुनी सेवा आज बंद झाली. त्यावरच्या सगळ्यांची खाती नव्या जागी आणली, त्यांत दादाचंही आलं. पुसून टाकायला हवं होतं. माझा हात झाला नाही.

आईला सांगितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग ती पोर रडली कुणापाशी?" "तिला इकडे बोलव," म्हणाली.

येशील?

तुझी,
ठकी


१७ जुलै

प्रिय ठके,

घर सोडते आहे. रुग्णालयाजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. तिथे बस्तान बसलं की येईन तुमच्याकडे. आईंना सांग, येईन. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर त्यांच्यासमोरच द्यावं म्हणते.

आज सामान नेणारी माणसं आली होती. कपाट बघून मी म्हटलं, "लिफ्टमध्ये जात नाही हं, जिन्यावरून न्यावं लागेल." मुकादम हसला. पाठीमागचे चार स्क्रू काढले आणि कपाट फळ्याफळ्यांत सुटं झालं. सुटं होतं ते, ठके! आम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. फळ्या बगलेत मारून ते लिफ्टने खाली गेले.

घर रिकामं झाल्यावर भिंतीला टेकून बसले. दुपारचं ऊन जमिनीवर पडलं होतं. फोन काढला आणि तुझा गेम उतरवून घेतला. पहिल्यांदाच. 'कुणाला बोलवायचं?' असं त्याने विचारलं. यादी खाली सरकवत गेले. तुझं नाव होतं. आईंचं होतं. त्याचं होतं.

त्याच्या नावावर मी बोट ठेवलं.

जिना आला. आमचा नाही, चित्रवाल्याने कितीतरी सुंदर केलाय. कपाट आलं. माझ्या बाईने वाकून आपली बाजू उचलली. पलीकडचं कुणी आलेलं नसलं की ती तशीच धरून उभी राहते, मध्ये मध्ये पाय बदलते, कपाटावरून मान उंच करून पलीकडे बघते. हे त्याने कधी बघून ठेवलं असेल गं? मी तशीच बघत असणार तेव्हा. त्याला तर खालून दिसत नव्हतं.

मी तिच्याबरोबर बसून राहिले. काचेवर दोन्ही अंगठे दाबून धरले होते, कारण सोडले तर ती बाजू सोडते. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी उठले नाही. त्याने पुन्हा दिला. अंगठे दुखायला लागले.

मग मी माझी बाजू खाली ठेवली.

तुझी,
वहिनी